कुलूप उघडण्याची मोहीम

३० ऑगस्ट, रविवार

नवीन वही. आधीची वही, म्हणजे संकल्पांची, ओल लागून खराब झाली. बरं झालं. तिच्यात फार काही नव्हतंच.

परवापासून मी समुपदेशक. ऑनररी. आठ रविवारांचा कोर्स पूर्ण केला, सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं. कोर्सच्या बाई निरोपाच्या वेळी म्हणाल्या की तुम्ही बोलता छान, आता जरा ऐकण्यावर काम करा. त्यातलं पहिलं वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पंपाच्या कंपनीत एकतीस वर्षं सेल्स ट्रेनिंग दिलंय मी. ज्यांच्या विहिरीत टिपूस नाही त्यांना पंप विकून येणारी माणसं तयार केली. त्यापुढे चौदा-पंधरा वर्षांची बिघडलेली पोरं म्हणजे किस झाड की पत्ती!

ही अजून बहिणीकडेच आहे. बहिणीचा गुडघा. फेब्रुवारीत गेली. गुडघ्याला वेळ लागतो.

१ सप्टेंबर, मंगळवार

केंद्रात पहिला दिवस. बस डेपोच्या मागे दुमजली घर, बारा पोरं. कोणी शाळेने पाठवलेलं, कोणी कोर्टाने, कोणी आईबापांनी हात टेकून. चालवणारी बाई पस्तिशीची असेल, सगळे तिला ताई म्हणतात, आचारीसुद्धा. आचाऱ्याला सगळे मामा म्हणतात. मीही म्हणायला लागलो. मिसळण्याची कला रक्तात असावी लागते.

मी बाराही पोरांसाठी व्हाइटबोर्ड आणि तीन रंगांचे मार्कर घेऊन गेलो होतो. ताईने एकच पोरगा दिला. मंगळवार आणि शुक्रवार, अकराला, पाऊण तास. मी म्हटलं, मला जास्त झेपेल. ती म्हणाली की झेपण्याचाच प्रश्न आहे. माझ्या वयाची काळजी वाटली असावी. गोड मुलगी आहे.

पोरगा पंधरा वर्षांचा. शाळेच्या व्हरांड्यातल्या अकरा काचा हॉकी स्टिकने फोडल्या, घरी जाऊन सावत्र बापाची स्कूटर फोडली, मग त्याला इथे पाठवलं. १४ ऑक्टोबरला बालकल्याण समितीची बैठक आहे. समिती खूश झाली तर तो मोठ्या बहिणीकडे राहायला जाणार. ती शिवणकाम करते, दोघांसाठी वेगळी खोली घेऊन बसली आहे. नाही झाली तर गावाबाहेरच्या मोठ्या संस्थेत, अठरा वर्षांचा होईपर्यंत. पोरं त्या संस्थेला नुसतं 'भिंत' म्हणतात.

म्हणजे सहा आठवडे. टार्गेट आणि तारीख दोन्ही समोर असलं की मला हुरूप येतो.

सेशन वरच्या खोलीत. दोन खुर्च्या, टेबल, पाण्याचा जग. पोरगा एक शब्द बोलला नाही. मी माझी थोडक्यात ओळख करून दिली. त्यात चाळीस मिनिटं गेली. पुढची पाच मिनिटं त्याच्यासाठी राखून ठेवली होती, पण त्याने ती वापरली नाहीत.

मनातल्या मनात त्याचं नाव कुलूप ठेवलं. संकल्प : १४ ऑक्टोबरच्या आत हे कुलूप उघडणार.

४ सप्टेंबर, शुक्रवार

कुलूप : शून्य शब्द. माना डोलावणे : तीन. नजर अगदी माझ्या नजरेत. माझ्या ट्रेनिंगमध्येसुद्धा इतकं लक्ष देणारी माणसं विरळाच. तिथे मागच्या रांगेत डुलक्या असायच्या.

इथली एक पद्धत आज कळली. राग अनावर होणाऱ्या प्रत्येक पोराला काहीतरी जिवंत सांभाळायला देतात. एकाकडे ससा, एकाकडे लंगडा कुत्रा, एकाकडे टोमॅटोची रोपं, एकाकडे मासे. जो सांभाळतो त्याचं नाव, समोर प्राण्याचं नाव, असा तक्ता ताईच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. कल्पना बरी आहे, जरा बालिश.

कुलपाला काय दिलंय असं विचारलं. ताई म्हणाली, दिलंय एक, जरा अवघड दिलंय. काय, ते सांगणार इतक्यात फोन वाजला.

८ सप्टेंबर, मंगळवार

आज मिररिंग. म्हणजे समोरचा जसा बसेल तसं आपण बसायचं, त्याला आपुलकी वाटते. कुलूप खुर्चीत अर्धा घसरून बसला होता. मीही घसरलो. कमरेत कळ आली आणि मी तिथेच अडकलो. वर येता येईना, खाली जाता येईना.

त्याने पळत जाऊन मामांना बोलावून आणलं (खुणेने असणार). दोघांनी मला काखेत हात घालून उचललं. मग त्याने पंधरा मिनिटं माझी कंबर दाबून दिली. हात चांगला आहे.

नोंद : पोरगा स्पर्शाला प्रतिसाद देतो आहे. प्रगती.

त्या पंधरा मिनिटांत मी त्याला रागाच्या पाच पायऱ्या समजावून दिल्या. पालथ्या अवस्थेत बोलणं कठीण जातं, पण मी हार मानणारा माणूस नव्हे.

११ सप्टेंबर, शुक्रवार

कमरेला पट्टा. आज उशी नेली. राग आला की काच फोडायची नाही, उशीला गुद्दे मारायचे. त्याला संकोच वाटेल म्हणून आधी मी करून दाखवलं. दाखवता दाखवता तो डेप्युटी मॅनेजर आठवला, ज्याने माझं प्रमोशन आपल्या मेहुण्याला दिलं. उशी फाटली. खोलीभर कापूस.

कुलूप जाऊन सुई-दोरा घेऊन आला आणि उशी शिवत बसला. बारीक, सरळ टाके. बहिणीकडून शिकला असणार. मी त्याला डेप्युटी मॅनेजरची सगळी हकिगत सांगितली, म्हणजे राग दाबून ठेवल्याने माणसाचं काय होतं त्याचं उदाहरण म्हणून. घामाने माझा शर्ट भिजला. त्याने पंखा वाढवला.

मुद्दा त्याच्यापर्यंत पोचला असं वाटतं.

१३ सप्टेंबर, रविवार

लेकीचा फोन. आईला फोन केलास का, हा तिचा दर रविवारचा प्रश्न. मी म्हटलं, ती गुडघ्याच्या गडबडीत असते, कशाला उगाच. मग तिला कुलपाची केस समजावून सांगितली. तिला अशा गोष्टींत रस आहे. अडतीस मिनिटं ऐकलं तिने. मधून मधून हं म्हणत होती आणि दूध उतू जातंय असंही म्हणत होती. तीनदा म्हणाली. एवढं दूध घेतात कशाला कळत नाही.

संकल्प : उद्यापासून सकाळी चालायला जाणे.

१४ सप्टेंबर, सोमवार

पट्ट्यामुळे चालणं पुढे ढकललं.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

विषय : कुटुंबातला संवाद. उदाहरण घरचंच दिलं. ही बहिणीकडे निघाली तेव्हा दारात म्हणाली की चौतीस वर्षांत या घरात माझं एक वाक्य पुरं झालेलं नाही. कुलपाला विचारलं, ही अतिशयोक्ती आहे की नाही? चौतीस वर्षांत एकही वाक्य नाही? आकडा तरी बघा! आणि लगेच सांगून टाकलं की आहे, अतिशयोक्तीच आहे. गुडघ्याच्या काळजीने माणूस काहीही बोलतो.

दोनदा डोळे चोळावे लागले. खोलीत धूळ फार आहे.

कुलूप मध्येच उठला आणि पाण्याचा ग्लास भरून माझ्या हातात दिला. नोंद : एका जागी बसवत नाही. लक्ष विचलित होतं.

पाणी गार होतं. सगळं प्यायलो.

२२ सप्टेंबर, मंगळवार

सात सेशन, शून्य शब्द. मी मात्र आत्मविश्वास सोडलेला नाही.

सेशननंतर स्वयंपाकघरावरून जात होतो. कुलूप मामांसोबत बटाटे सोलत बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. मामा हसत होते. गाणं गुणगुणत असावा. काही मुलं बोलत नाहीत पण गुणगुणतात, असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

मामांनी जाताना डबा दिला. ही तिसरी वेळ. माणसाला माणसाची कदर आहे.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

समितीला प्रत्येकाचा रिपोर्ट द्यायचा आहे. ताई म्हणाली एक पान पुरे. एका पानात माणूस मावतो का? सात पानं झाली. निष्कर्ष असा, की मुलाने संपूर्ण मौन धरलं आहे, ते जुनाट आहे आणि अनुभवी समुपदेशकाच्या अथक प्रयत्नांनंतरही सुटलेलं नाही. शिफारस : तज्ज्ञांच्या देखरेखीखाली पूर्ण वेळ संस्थेत ठेवावं. कोर्सच्या पुस्तकात अशी संस्था असते असं दिलंय. फिजिओथेरपी, वाचाउपचार, बाग. पोराचं कल्याण होईल.

रिपोर्ट थेट समितीच्या ऑफिसला ई-मेल केला. ताईला कॉपी पाठवली नाही. तिला सरप्राइज.

२९ सप्टेंबर, मंगळवार

ताईला सरप्राइज मिळालं.

तिने मला ऑफिसात बसवलं आणि दार लावलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. पूर्ण वेळ संस्था म्हणजे या भागात एकच आहे, म्हणाली. भिंत. बाग नाही, वाचाउपचार नाही, दाराला बाहेरून कडी आहे. बहिणीला महिन्यातून एकदा भेटता येतं, जाळीपलीकडून. आणि हे सगळं ज्या कागदावर ठरू शकतं तो आता तुमच्या सहीने समितीच्या टेबलावर पडलाय.

मी म्हटलं, पण तो बोलतच नाही.

ताईने मामांना हाक मारली. मामांनी दारातूनच सांगितलं की कोण, तो? अहो, तोंडाचा पट्टा सकाळी सुरू होतो तो ताटावरही बंद होत नाही. बहिणीची खोली किती बाय किती, खिडकी कुठे, पडदा तिने कोणत्या रंगाचा शिवलाय, पँटला किती शिवणी असतात, सगळं मामांना पाठ झालंय.

ताईने विचारलं की सर, तुम्ही त्याला कधी काही विचारलंत का? विचारलं म्हणजे काय, शंभरदा विचारलं! मग तो काय म्हणाला, असं तिने विचारलं. मी म्हटलं, वहीत बघून सांगतो.

घरी येऊन वही बघितली. प्रश्न आहेत. उत्तरंही आहेत. सगळी माझीच.

भीती वाटली. पंपाची ऑर्डर चुकली तर पंप परत येतो. पोरगा भिंतीआड गेला की तीन वर्षं गेला. हे मी केलं. आज जेवलो नाही.

३० सप्टेंबर, बुधवार

ई-मेल परत घ्यायचा प्रयत्न केला. तोच रिपोर्ट पुन्हा एकदा गेला.

१ ऑक्टोबर, गुरुवार

समितीच्या ऑफिसला गेलो. खिडकीतल्या क्लार्कला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मागे रांग लागली. तो म्हणाला, इनवर्ड झालेला कागद आउटवर्ड होत नाही. मुलाला काय म्हणायचं असेल ते तो बैठकीत स्वतः म्हणेल, तसा नियम आहे. दोन प्रती का पाठवल्या, असंही विचारलं. मी म्हटलं, एक तुमच्या फाइलसाठी.

म्हणजे आता सगळं पोराच्या तोंडावर आहे. ते उघडायचं असं मी महिनाभर म्हणत होतो, आणि ते उघडंच होतं.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

कुलपाची माफी मागितली. मनापासून. त्याला रिपोर्टचं ताईकडून कळलं होतंच. चेहरा उतरलेला. बोटांनी टेबलाची कड धरून बसला होता, बोटं पांढरी पडली होती. तरी जागचा उठला नाही.

माफीला पस्तीस मिनिटं लागली. मुद्दे बरेच होते. मध्ये एकदा त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, थांब, मला पुरं करू दे.

हे आता लिहिताना लक्षात आलं. कपाळावर हात मारून घेतला. चष्मा वाकला.

६ ऑक्टोबर, मंगळवार

संकल्प : आज एक अक्षर बोलायचं नाही. उपाय म्हणून तोंडात टॉफी ठेवली. मोठी, चिकट. दातांना दात चिकटले. उत्तम.

चार मिनिटं शांतता. काय भयंकर असते! खाली कुत्रा भुंकला, कोणीतरी बादली ओढली. कुलूप माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. पाचव्या मिनिटाला तो बोलला. स्वच्छ, जरा घोगरा आवाज. विचारलं की सर, तुम्ही जेवता का नीट? बारीक दिसताय.

टॉफी गिळली. मग त्याला सांगितलं की जेवतो, अंडी उकडतो, उकडलेल्या अंड्याचे फायदे, फेब्रुवारीपासून रोज दोन, गॅस बंद करायला विसरलो तेव्हाचा प्रसंग, ही असताना काय काय व्हायचं. पाऊण तास संपला.

तरी पण! तो बोलला. माझ्याशी. मौनाचं तंत्र काम करतं. टॉफी मात्र छोटी होती.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

बैठकीची तयारी, म्हणून आज ताईही खोलीत बसली होती. सेल्समध्ये पिच पाठ असावी लागते. त्याच्यासाठी दोन पानी भाषण लिहून नेलं. सुरुवात, माननीय सदस्यहो. शेवट, धन्यवाद. मध्ये पश्चात्ताप. त्याने वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि विचारलं की सर, तुम्ही येणार ना त्या दिवशी? मी म्हटलं, येणार म्हणजे काय, मीच बोलणार. त्याने ताईकडे बघितलं. ताईने छताकडे.

रात्रीची झोप नाही. त्याच्या बहिणीने पडदा शिवून ठेवलाय हे डोक्यातून जात नाही.

१४ ऑक्टोबर, बुधवार

सगळं नीट लिहून काढतो. घाईत लिहितोय, अक्षराला हसू नये. हसणार कोण म्हणा.

समितीत तिघं. अध्यक्ष बाई, एक डॉक्टर, एक निवृत्त पोलीस अधिकारी. भिंतीशी कुलपाची बहीण. चोवीस-पंचवीसची असेल, इस्त्रीचे कपडे, खुर्चीच्या टोकावर बसलेली. मुठीत खोलीची किल्ली गच्च धरलेली. माझ्याकडे एकदाच बघितलं तिने. मी टायची गाठ बघत बसलो.

अध्यक्ष बाईंनी माझा रिपोर्ट मोठ्याने वाचला. पानं दोन ते सहा गाळून. शिफारस वाचली तेव्हा बहिणीने डोळे मिटले. बाईंनी मला विचारलं की हेच तुमचं मत आहे का?

मला एवढंच म्हणायचं होतं : नाही, माझी चूक झाली. चार शब्द. घरून पाठ करून गेलो होतो. उभा राहिलो आणि म्हटलं की चूक म्हणजे नेमकं काय हे आधी पाहू. पुढचं मला नीट आठवत नाही. सहाव्या मिनिटाला मी दोन हॉर्सपॉवरच्या पंपावर होतो. आपलं तोंड आपल्याला ऐकू येतंय आणि थांबवता येत नाही, अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये. डॉक्टर घड्याळ बघत होते. पोराची तीन वर्षं हातातून चालली होती आणि मी इम्पेलर समजावत होतो.

तेवढ्यात बाहीवर हात आला. कुलूप उठून माझ्या शेजारी उभा होता. हळू म्हणाला की सर, बसा जरा, मी सांगतो.

मी बसलो. एकतीस वर्षांत मला मध्येच कोणी बसवलेलं नाही. राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं.

तो दहा मिनिटं बोलला. माझं भाषण खिशातच. काचा का फोडल्या ते सांगितलं. घरी सावत्र बाप बहिणीला रोज घालूनपाडून बोलायचा, तिने बोलायला तोंड उघडलं की बाप गप्प बस म्हणायचा. त्या दिवशी शाळेत सर त्याला गप्प बस म्हणाले आणि डोक्यात काहीतरी फुटलं. मग काच काय, माणूस काय, काही दिसत नव्हतं.

इथे सगळ्यांना काहीतरी सांभाळायला मिळतं, असं सांगून तो म्हणाला की मला सर मिळाले.

पोलीस अधिकाऱ्याला खोकला आला. बराच वेळ आला.

ताईने घातलेले नियम त्याने सांगितले. पाऊण तास उठायचं नाही, चिडायचं नाही, आणि सर जाताना आले होते त्यापेक्षा बरे असले पाहिजेत. पहिल्या दोन वेळी त्या खोलीच्या खिडकीला आठ काचा आहेत हे त्याने मोजून ठेवलं होतं. कोणती आधी फोडायची तेही ठरवलं होतं. फोडली नाही. पाचव्या-सहाव्या वेळेपासून सोमवारीच काळजी लागायची, सर उद्या येतील ना, जेवले असतील ना. आणि रिपोर्टचं म्हणाल तर राग आला होता, खूप आला होता. पण सरांनी वाईट व्हावं म्हणून नाही लिहिलं. त्यांना फक्त कळलं नाही.

अध्यक्ष बाईंनी तक्ता मागवला. ताईने कपाटाच्या दारावरचा कागद सोडवूनच आणला होता. सशाच्या खाली, कुत्र्याच्या वर : सर.

त्यांनी आपसात दोन मिनिटं बोलून निकाल दिला. बहिणीकडे. आजच सही.

बहीण रडली. किल्ली हातातून खाली पडली, ती कुलपाने उचलून तिला दिली. मी चष्मा पुसत बसलो. बाहेर पडताना अध्यक्ष बाई मला म्हणाल्या की या मुलाच्या सुधारणेत तुमचा फार मोठा वाटा आहे.

वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवलंय. पुढेमागे उपयोगी पडेल.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

ताईला जाब विचारायला गेलो. सशाच्या खाली? तिने चहा दिला. म्हणाली की सर, वाईट वाटून घेऊ नका, पण कोर्सच्या बाईंचा फोन आला होता तुम्हाला पाठवण्याआधी. दोघांचं भलं होईल असं वाटलं.

वाईट कशाला वाटेल? एवढंच म्हटलं की कुत्र्याच्या वर आहे हे ठीक.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

कुलूप गेला. बहीण न्यायला आली होती. एक पिशवी, एक शिवलेली उशी. मी ठरवून गेलो होतो की थोडक्यात बोलायचं. स्टॉपवर उभं राहून थोडक्यात बोलत होतो तेवढ्यात बस आली. वाक्य अर्धवट राहिलं. त्याने खिडकीतून हात केला.

वाक्य असं होतं : तू गेल्यावर मला

२० ऑक्टोबर, मंगळवार

नवीन पोरगा. तेराचा, किडकिडीत, कानठळ्या बसतील असा आवाज, म्हणून भोंगा. मी आज गप्प बसायचा निश्चय करून गेलो होतो. टॉफ्या दोन.

भोंगा हातात एक कागद घेऊन बसला होता. कागदाकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं तर उठून पाणी घेऊन आला. पाऊण तास झाल्यावर पळाला आणि कागद खुर्चीवर राहिला. जाणारा पोरगा पुढच्यासाठी एक पान भरून ठेवतो, अशीही पद्धत आहे म्हणे. छापील फॉर्म, सशाला असतो तोच. कुलपाचं अक्षर टाक्यांसारखंच बारीक, सरळ.

पाठ झालाय, तसाच उतरवतो :

कोण : सर.
केव्हा : मंगळवार, शुक्रवार अकरा. पावणेअकरालाच खाली येऊन उभे असतात. लवकर खाली जावं.
काय खातात : उकडलेली अंडी. मामांकडून डबा भरून घ्यावा. नको म्हणतात, पण नेतात. मामांनीच दिला असं सांगावं.
कशाने बिथरतात : डेप्युटी मॅनेजर.
कशाने शांत होतात : पहिली वीस मिनिटं बोलू द्यावं, मग आपोआप हळू होतात. बाईंचा विषय निघाला की पाणी द्यावं. बाई बहिणीकडे आहेत, गुडघा बरा झाला की येतील. गुडघ्याबद्दल विचारू नये.
चावतात का : नाही.
इतर : जाताना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबतात. काही विसरलेलं नसतं. वरून मंगळवारी या किंवा शुक्रवारी या असं म्हणावं. मग जातात.

खुर्चीत बसून तीनदा वाचलं. एक चूक आहे, वीस मिनिटं नव्हे, फार तर पंधरा. बाकी काही दुरुस्ती सुचली नाही. रडू आलं. धूळ नव्हती, आजच खोली झाडली होती.

मग कागद खिशात घातला आणि उठलो. ठरवलं की आज थांबायचं नाही. सरळ उतरायचं, फाटक, रस्ता, घर. ताठ मानेने.

शेवटच्या पायरीवर थांबलो.

वर भोंगा कठड्याशी उभा होता. खिसे चाचपत होता, माझ्याकडे बघत होता. काय म्हणायचं ते त्याला आठवेना. मी बुटाची नाडी बांधली. दुसऱ्या बुटाची बांधली. मामा डबा देऊन गेले. भोंग्याने दुसरा खिसाही उलटा केला.

शेवटी परत वर गेलो आणि कागद त्याला देऊन आलो.